थारची पाणवाट : बेरी, खडीन आणि जुने काफिला-मार्ग गाडीने व पायी कसे पाहावेत

जैसलमेरला गेलेली आपली मंडळी किल्ला, पटव्यांची हवेली, समच्या वाळूवरची उंटस्वारी आणि तंबूतली रात्र एवढं आटोपून परततात. त्यात वाईट काही नाही. पण वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या मुलखात, म्हणजे महाबळेश्वरला जुलैत कधीकधी एका दिवसात कोसळतो तेवढ्यावर, आठशे-साडेआठशे वर्षं एक श्रीमंत व्यापारी शहर कसं नांदलं? याचं उत्तर किल्ल्यात मिळत नाही. ते शहराबाहेरच्या दगडी माळावर आणि त्यापुढच्या वाळूत विखुरलेलं आहे.

सिंधकडे जाणारे जुने रस्ते नकाशावरच्या रेघांसारखे नव्हतेच. ती एकापुढे एक पाणवठ्यांची साखळी होती. उंटांचा तांडा दिवसाला साधारण २५-३० किलोमीटर चालणार, तेवढ्या टप्प्यात पुढचं पाणी हवंच. म्हणून इथे वाट शोधत बसू नका, पाणी शोधा. दोन पाणवठे सापडले की त्यांच्यामधली वाट आपोआप दिसते. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १ : जमीन बघून पाणी ओळखायला शिका

स्थानिक लोक पाण्याचे तीन प्रकार सांगतात. पालर पाणी म्हणजे थेट पावसाचं, तलावात किंवा टाक्यात साठवलेलं. पाताळ पाणी म्हणजे खोल विहिरीचं, बहुधा खारट. या दोघांच्या मधलं ते रेजाणी पाणी. हे पावसाचंच असतं, पण वाळूत मुरलेलं आणि खाली जिप्समचा किंवा चिकट मातीचा थर लागल्यामुळे पाताळातल्या खाऱ्या पाण्यात न मिसळता वरच अडकून राहिलेलं. हा थर जिथे असेल तिथेच बेरी किंवा कुंई, म्हणजे लहानशी अरुंद विहीर, खणता येते. तोंड अरुंद, कारण वाफ कमी व्हावी आणि वाळू आत पडू नये. पाणी झिरपतंही थेंबाथेंबाने, दिवसाकाठी दोन-चार घागरी. ही खणणारे कारागीर म्हणजे चेजारो. वाळू ढासळू नये म्हणून आतून दगड, लाकूड किंवा खींप नावाच्या झुडपाच्या जाड दोराचं अस्तर करत खाली उतरायचं, आणि तेही माणूस जेमतेम वाकेल एवढ्या जागेत.

प्रवासात उपयोगी पडणारी गोष्ट अशी, की शहराच्या आसपासचा भाग वाळूचा नसून खडकाळ आहे. पाणी तिथे मुरत नाही, वाहतं. म्हणून त्या भागात खडीन सापडतात. खडीन म्हणजे उताराच्या पायथ्याला घातलेला लांबलचक मातीचा बांध. पावसाळ्यात माळावरचं सगळं पाणी त्यामागे साठतं, हळूहळू मुरतं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा निघतो, वर एकही पाणी न देता. पालीवाल ब्राह्मणांनी ही शेती इथे नावारूपाला आणली. पश्चिमेला वाळू सुरू झाली की खडीन संपतात आणि बेरी, टोबे (गवताळ खोलगटातली गुरांची तळी) लागतात. त्यामुळे दगडात बेरी आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये खडीन शोधत फिरण्यात अर्थ नाही.

पायरी २ : मोसम आणि परवानग्या

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत जा. भरलेले टोबे बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर हवा, पण तेव्हाचा उकाडा, डास आणि ओल्या रणात रुतणाऱ्या गाड्या बघता पहिल्या फेरीला मी तो सुचवणार नाही. डिसेंबर-जानेवारीत खडिनात पीक उभं असतं. तपकिरी माळावर अचानक हिरवा चौकोन दिसतो आणि बांधाची करामत न सांगता कळते. रात्री मात्र हाडं गोठतात, तेव्हा "वाळवंटात कसला स्वेटर" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. सीमेलगतचा पट्टा अधिसूचित आहे. तिथल्या बऱ्याच गावांत बाहेरच्या माणसाला उपखंड अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. लोदरवा, कुलधरा, खाभा, सम, खुडी या नेहमीच्या जागांना अडचण नसते. खुडीच्या किंवा समच्या पुढे पश्चिमेकडे सरकायचं असेल तर जैसलमेरच्या कार्यालयात आधी विचारा, आणि "कालच एक जण जाऊन आला" या हॉटेलवाल्याच्या शब्दावर विसंबू नका. डेझर्ट नॅशनल पार्कचं क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. सुदासरीसारख्या भागात शिरायला वनखात्याची परवानगी लागते.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातून आणलेलं असेल तर ते घरीच ठेवा. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणं गुन्हा आहे आणि सीमेवर तर प्रकरण फारच अंगाशी येतं. ड्रोनचंही तेच. पोखरणच्या बाजूला लष्कराचं गोळीबार क्षेत्र आहे. तिथला फलक दिसला की मागे फिरा, आणि वाळूत पडलेला कुठलाही धातूचा तुकडा उचलू नका.

पायरी ३ : घरबसल्या उपग्रहचित्र वाचा

हे काम मला सगळ्यात आवडतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. निघण्याआधी दोन-तीन रात्री उपग्रहचित्रांसमोर बसा. पुढच्या खुणा शोधा.

गुरांच्या पायवाटा चारी बाजूंनी एका ठिपक्याकडे येताना दिसल्या, तर तो ठिपका म्हणजे पाणी. सगळ्यात भरवशाची खूण ही. जवळ जावं तसं गवत विरळ होत जातं, कारण गुरं तिथे रोज तुडवतात. लांब, किंचित वाकडी गडद रेघ आणि तिच्या एकाच बाजूला गडद माती दिसली तर तो खडिनाचा बांध. तळ्याच्या एका अंगाला फिकट, स्वच्छ, झुडपं नसलेला पसारा असेल तर तो आगोर, म्हणजे पाणी गोळा करण्यासाठी राखलेली जमीन. एखाद्या जागी झाडं दाट आणि कुऱ्हाड न लागलेली दिसली तर ते बहुधा ओरण, देवाच्या नावाने राखलेलं रान. आपल्या देवराईचाच हा वाळवंटी भाऊ, आणि ओरण आहे तिथे बहुधा पाणी असतं.

आता सापडलेले ठिपके जोडा. साखळी एका दिशेने जात असेल आणि अंतरं २५-३० किलोमीटरच्या आत असतील, तर तुम्ही जुन्या मार्गावर आहात. ठिपके आणि नकाशा दोन्ही ऑफलाइन उतरवून दोन फोनमध्ये ठेवा, शिवाय एक कागदावर. तिथे नेटवर्क कधी जातं ते कळत नाही.

पायरी ४ : गाडी

पुण्याहून अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर असं गेलं तर बाराशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दोन दिवस धरा. बाडमेर ते जैसलमेर हा शेवटचा टप्पा उजेडात करा, रस्त्यावर उंट आणि गाई बसलेल्या असतात.

शहराभोवतीचा खडकाळ भाग, म्हणजे लोदरवा, कुलधरा आणि खाभा, कुठल्याही चांगल्या गाडीने होतो. सैल वाळूत शिरायचं तर फोर बाय फोर हवी, आणि गाड्या दोन हव्यात. एकट्या गाडीने डांबर सोडू नये, मग ती कितीही लाखांची असो.

वाळू सुरू होण्याआधी टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयवर आणा. टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरते. याखाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटतो. चढावर थांबायचं नाही, वेग एकसारखा ठेवायचा, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली की लगेच पाय काढायचा. तिथेच जोर लावत राहिलात तर गाडी पोटावर बसते. मग फावड्याने चाकांपुढची वाळू काढा, खाली पाट्या सरकवा, आणि आल्या चाकोरीतून मागे या. फावडं, दोन पाट्या, टो-स्ट्रॅप, हवेचा पंप, पंक्चरचं सामान, जॅकखाली ठेवायला फळी, एवढं गाडीत असलंच पाहिजे. फळी नसेल तर जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच वाळूत उतरतो.

इथल्या लांबट टेकड्या सर्वसाधारणपणे नैर्ऋत्य-ईशान्य पसरलेल्या असतात, कारण उन्हाळ्यातला जोराचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. दोन टेकड्यांमधल्या घळीतून गाडी सुखाने जाते, आडवं कापताना दम निघतो. जुने तांडेही शक्य तिथे घळीच धरत. सपाट, पांढुरकं, मोहवणारं मैदान दिसलं तर आधी पायी चालून बघा. ते रण असू शकतं, वर पापुद्रा आणि खाली चिखल.

अभयारण्याच्या हद्दीत रुळलेली चाकोरी सोडायची नाही, यावर वाद नको. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आपण तो जवळजवळ गमावला. इथे गोडावण नावाने तो अजून तग धरून आहे आणि त्याच्या अंड्यावरून कुणाच्या तरी एसयूव्हीचं चाक जाणं परवडणारं नाही.

पायरी ५ : स्वतःचं पाणी

पाणवठे बघायला जायचं म्हणजे तिथलं पाणी प्यायला जायचं नव्हे. बेरीचं पाणी एखाद्या घराचं मोजून ठेवलेलं असतं. हिवाळ्यात चालणं धरून माणशी दिवसाला ५-६ लिटर घ्या, आणि दोन दिवसांचं जादा पाणी गाडीत वेगळं ठेवा. एकाच मोठ्या कॅनऐवजी लहान कॅन घ्या, एक फुटला तरी बाकीचे उरतात. ओआरएसची पाकिटं, खाकरे, दशम्या, गूळ-शेंगदाणे एवढं पुरतं. दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात आणि स्टो पेटवायची गरज पडत नाही.

अगदीच वेळ आली आणि विहिरीचं पाणी प्यावं लागलं तर गाळून, उकळून घ्या. पण उकळल्याने खार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट आटून वाढतात. ते एका दिवसाच्या अडचणीपुरतं ठीक. उघड्या तळ्यात पाय घालू नका, असं इथले म्हातारे अजून बजावतात. नारूची, म्हणजे पाण्यातून होणाऱ्या जंताच्या रोगाची, आठवण आहे ती. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली याच भागात, जोधपूर जिल्ह्यात सापडला होता.

पायरी ६ : पहिला दिवस, नजर तयार करण्याचा

थेट वाळूत घुसू नका. पहिला दिवस गावाभोवती काढा.

सकाळी गडीसर. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी बांधवलेला हा तलाव आता कालव्याच्या पाण्यामुळे बारमाही भरलेला दिसतो, त्यामुळे एक प्रकारे फसवा आहे. मूळ रचना समजायची तर घाटाकडे पाठ करून आगोर किती दूरवर पसरलाय ते बघा. मग अमरसागर. इथलं पाणी ओसरलं की तलावाच्या तळातच विहिरी उघड्या पडतात. मोठा तलाव आटला तरी त्याचं मुरलेलं पाणी या विहिरींतून पुढचे महिने उपसायचं, अशी दुहेरी सोय.

तिथून लोदरवा, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. ११५६ मध्ये जैसलमेर वसण्याआधीची ही भाटी राजपुतांची राजधानी. जैन मंदिर बघून झालं की काक नदीच्या कोरड्या पात्राकडे चला. लोककथेतल्या मूमल राजकन्येची मेडी, म्हणजे माडी, म्हणून दाखवतात ते अवशेष तिथे आहेत. सिंधमधल्या उमरकोटचा महेंद्र तिला भेटायला रात्रीतून उंटावर येई, असं लोककथा सांगते. उंट एका रात्रीत तेवढं अंतर कापेल का, हा हिशेब कथेला विचारू नये. पण लोदरवा ते उमरकोट ही वाट लोकांच्या तोंडी इतकी होती की तिच्यावर प्रेमकथा रचली गेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तलावांच्या काठी चौकोनी, कोरीव दगडी खांब दिसतील, चारही अंगांना देवांच्या मूर्ती आणि बहुतेकदा लेख. हे गोवर्धन स्तंभ. आपल्याकडे वीरगळ बघायची सवय असेल तर डोळा लगेच पकडतो, फक्त हे खांब पाणवठ्याच्या अर्पणाचे आहेत. ओसाड माळावर एकटा गोवर्धन उभा दिसला तर आसपास बुजलेलं पाणी आहे असं समजून शोध घ्या.

पायरी ७ : दुसरा दिवस, कुलधरा ते खाभा

कुलधऱ्याला भुतांच्या गोष्टी ऐकायला गर्दी जमते. दिवाण सालिमसिंगच्या जाचामुळे पालीवालांनी एका रात्रीत गावं सोडली, ही कथा तिकिटासोबत फुकट मिळते. अभ्यासकांच्या मते गाव हळूहळू रिकामं झालं, आणि पाणी हे त्याचं मोठं कारण. १८१५ च्या सुमारास बहुतेक विहिरी आटल्या होत्या. १८५० पर्यंत पायऱ्यांची बाव आणि दोन खोल विहिरी एवढंच पाणी देत होतं. मला ही दुसरी हकीकत भुतांपेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

म्हणून सरळ रांगांमधली पडकी घरं बघून झाली की गावाच्या पूर्वेला उतरा. काकणी नदीचं कोरडं पात्र लागतं. पात्राच्या कडेने विहिरींचे अवशेष शोधत चाला, बाव बघा, मग उताराच्या दिशेने खडिनाचा बांध हुडका. बांधावर चढून एका बाजूला माळ आणि दुसऱ्या बाजूला पीक बघितलं की गाव नेमकं इथेच का वसलं ते कळतं. पिकातून मात्र चालायचं नाही, खडीन आजही कुणाच्या तरी मालकीची असते.

खाभ्याला पोचलात की गढीच्या तटावरून खालचं ओसाड गाव आणि त्याचा माळ एका नजरेत येतो. सकाळी लवकर गेलात तर मोर असतात.

इथून संध्याकाळपर्यंत खुडीकडे सरका. वाटेत खोल विहिरी लागतात. विहिरीपासून एक सरळ, तुडवलेला पट्टा निघालेला दिसेल, त्याला सारण म्हणतात, म्हणजे आपल्या मोटेची धाव. फरक एवढाच की इथे विहीर इतकी खोल असते की दोर ओढणारे उंट-बैल पार लांब जातात. सारण पावलांनी मोजा, विहिरीची खोली कळते. १५४२ साली हुमायून याच मुलखातून उमरकोटकडे पळाला, तेव्हाची हकीकत त्याच्या सेवकाने, जौहरने, लिहून ठेवली आहे. जैसलमेरवाल्यांनी वाटेतल्या विहिरी वाळूने बुजवल्या होत्या. पुढे एक विहीर लागली ती एवढी खोल की मोट वर आल्याचं हाकणाऱ्याला कळावं म्हणून ढोल वाजवावा लागे, आणि तहानलेले सैनिक वर आलेल्या मोटेवरच तुटून पडत. सारणाच्या टोकाला उभं राहून विहिरीकडे बघितलं की त्या ढोलाची गरज पटते.

पायरी ८ : तिसरा दिवस, पायी

गाडी एखाद्या ढाणीजवळ, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीजवळ, विचारून लावा. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे तिथल्या माणसाला सांगा. उजाडण्याच्या सुमारास निघा आणि अकराच्या आत परता. सैल वाळूत ताशी अडीच-तीन किलोमीटरपेक्षा जास्त होत नाही, तेव्हा जाऊन-येऊन आठ किलोमीटरचा बेत पुरे.

घोट्यापर्यंतचे बूट आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला. भरूंट नावाच्या गवताचे काटेरी गोंडे मोज्यात शिरले की चालणं थांबतं, म्हणून विजारीचे पाय मोज्यांवरून बांधून घ्या. हातात काठी हवीच. फुरसं इथे वाळूत अंग पुरून बसतं. रात्री पीवणा निघतो, हा मण्यारीच्या कुळातला साप. झोपलेल्या माणसाचा श्वास पितो अशी समजूत आहे, कारण दंशाची खूणही दिसत नाही आणि माणूस सकाळी उठत नाही. तेव्हा उघड्यावर जमिनीवर झोपायचं नाही, खाट किंवा बंद तंबू. दंश झालाच तर पट्टे आवळत, मंत्र शोधत बसू नका. १०८ ला फोन, आणि थेट जैसलमेरचं सरकारी रुग्णालय.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास आकाशाकडे कान द्या. पखुर्ड्यांचे (वाळवंटातल्या कबुतरासारख्या पक्ष्यांचे) थवे गळ्यातल्या आवाजात बोलत एका दिशेने जाताना दिसले तर ते पाण्यावर चाललेत. अंधारात दिशा हवी असेल तर ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जवळपास २७ अंशांवर असतो, हात लांब करून एकावर एक तीन मुठींपेक्षा थोडा खाली.

बेरीपाशी पोचल्यावर

कुणी असेल तर लांबूनच "राम राम सा" म्हणा. मुस्लिम पशुपालकांच्या वस्तीवर सलाम चालतो. बायका पाणी काढत असतील तर पुरुषांनी थांबून राहावं, कॅमेरा पिशवीत. आगोरात चपला घालून जायचं नाही, लघवीला तर नाहीच. तिथे पडलेला प्रत्येक पाऊस कुणाच्या तरी घागरीत जाणार असतो.

पडीक बेरीच्या तोंडावर वाकू नका. कडेची वाळू पोकळ असते. आत उतरण्याचं तर मनातही आणू नका, ढासळण्याचा धोका आहेच, शिवाय तळाशी हवा कोंदलेली असते. खोली बघायची तर दोराला खडा बांधून सोडा, पण वापरात नसलेल्या बेरीतच. झाकण असेल तर जसं होतं तसं परत लावा, नाहीतर कोल्हा किंवा शेळी आत पडते आणि ते पाणी संपलं.

मुक्काम पाणवठ्यापासून निदान अर्धा किलोमीटर दूर टाका. रात्री चिंकारा, खोकड, गुरं तिथे येतात, तुमच्या दिव्याने ती परत फिरतात.

काही बिघडलं तर

गाडी सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्याला गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. सावलीत बसा, उन्हात खणकाम करू नका, पाणी घोट-घोट साठवत न बसता तहान लागेल तसं प्या. जवळची गुरांची वाट सापडली तर ती संध्याकाळी पाण्याकडे किंवा ढाणीकडे जातेच, त्यामुळे दुसरा उपायच उरला नाही तर तीच धरा, कंपास नव्हे.

परतताना डांबरावर चढण्याआधी टायर पुन्हा भरा, कमी हवेत ८० च्या वेगाने गेलं तर ते तापून फुटतात. गाडीखाली अडकलेलं सेवण गवत काढा, सायलेन्सरला लागून पेट घेतं. आणि सापडलेल्या एकाकी बेरीचं अचूक लोकेशन कुठे टाकू नका. गावाचं नाव सांगितलं की पुरे, पुढचा माणूस तिथे जाऊन विचारेल.